राहिलेला नमस्कार

मालतीबाई आमच्या उंबरखारच्या शाळेत आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, खेडेगावातल्या पोरी मैदानात उतरायला लाजतील. वाईकडच्या बाई, खाडीकाठचं गाव त्यांनी आधी पाहिलंच नव्हतं. आम्हाला लाजायला वेळ कुठे होता? पावसाळ्यात गुडघाभर चिखलात भात लावायचा, उन्हाळ्यात मिठागरावर पाट्या वाहायच्या, ओहोटी लागली की चिंबोऱ्या धरायला खाजणात घुसायचं. अंगात रग भरपूर होती. अडचण निघाली ती भलतीच.

बाईंनी आम्हाला हुतूतू शिकवायला घेतलं. चढाईला गेलेल्या मुलीनं हातानं शिवावं किंवा लाथ मारावी, दोन्ही चालतं, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि शिट्टी वाजवली. माझ्या वर्गातली मैना चढाईला आली, तिचा पाय माझ्या पोटरीला लागला. मैना थांबली, वाकली, मला हात लावून तो कपाळाला नेला, आणि मग दम सुटलाय हे तिच्या लक्षात आलं. आम्ही तिला धरून पाडलं. पुढची आली, तिनंही तेच केलं. मी गेले, मीही तेच केलं. माणसाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे आम्हाला रांगत होतो तेव्हापासून शिकवलेलं. त्याला विचार लागत नाही, हात आपोआप जातो. बाई डोकं धरून कडेला बसल्या.

हे साल एकसष्ट-बासष्टचं. नवी मुंबई हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. आज बेलापूरला कचेऱ्यांच्या इमारती आहेत, त्यांच्या अलीकडे खाडीच्या कडेनं आमची भाताची खाचरं होती. शाळेला मैदान नव्हतं. सपाट, टणक जागा गावात एकच, ती म्हणजे चांगदेव पाटलांचं खळं. भाताची झोडणी उरकली की ते रिकामं पडे. बाई ते मागायला गेल्या तेव्हा पाटलांनी त्यांना चहा पाजला आणि मुलींनी काय काय करू नये हे चहा निवेपर्यंत ऐकवलं. शेवटी खळं दिलं, पण बजावून दिलं. पायात काही घालून चढायचं नाही, आणि पोरींपायी गावाला एकदा जरी मान खाली घालावी लागली तर त्याच दिवशी खेळ बंद. ते बंद करतील याबद्दल आम्हाला शंका नव्हती.

मग कपड्यांवरून गोंधळ झाला. बाई म्हणाल्या, खाकी चड्ड्या शिवू. ही बातमी घरोघर पोचली आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या पोरी शाळेतच आल्या नाहीत. तो तिढा गोजरानं सोडवला. ती म्हणाली, आमच्या आया लुगडं गुडघ्याच्या वर खोचून शेतात राबतात, सगळं गाव बघतं. आम्ही तेच नेसून खेळू, मग कोण काय बोलेल? कोणी काही बोललं नाही. बोलणार कोणत्या तोंडानं, प्रत्येकाच्या घरची बाई तशीच नेसत होती.

गोजरा ही मिठागरावर काम करणाऱ्या तुळशीरामकाकांची थोरली मुलगी. शाळेत उशिरा घातली म्हणून सातवीत असूनही सोळा वर्षांची. तिच्यासारखा दम आमच्यात कोणाला नव्हता. ती परत फिरल्यासारखं दाखवायची, समोरची गाफील राहायची, आणि हिची टाच मागून अशी यायची की कळेपर्यंत गोजरा रेषेपलीकडे. बाई म्हणायच्या, ही लाथ शिकवून येत नाही.

पण गोजराचं लग्न ठरलं होतं. खाडीपलीकडच्या तारवलीचा नामदेव, घरचा मासेमारीचा मचवा असलेला. दिवाळीत साखरपुडा झाला होता, लग्न चैत्रात होतं. नामदेवबद्दल कोणाची तक्रार नव्हती. सगळे घाबरायचे त्याच्या आईला, धोंडूबाईला. तिनं नामदेवची आधीची एक सोयरीक मोडली होती, आणि ती का, तर पोरगी ओटीवर मोठ्यांदा हसली म्हणून. एकदा मोडलेल्या सोयरिकीच्या मुलीला दुसरं घर मिळताना काय होतं ते आमच्या गावानं पाहिलेलं होतं. तुळशीरामकाकांना गोजराच्या मागे अजून तीन मुली होत्या.

तालुक्याच्या स्पर्धा पनवेलला ठरल्या तेव्हा काकांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. गोजरा घरी रडली नाही, भांडली नाही. विहिरीवर मला एकटीला गाठून म्हणाली, "चैतानंतर कोन मना खेलू देनार, सगुने? त्याच्या आदी एकदा जिंकाचं हाय. एकदाच." मी ते बाईंना सांगितलं. बाई काकांकडे गेल्या. काकांचं म्हणणं एवढंच होतं की तारवलीच्या माणसांसमोर गोजरा उतरता कामा नये. बाईंनी चौकशी केली. तारवलीच्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. मग बाईंनी शब्द दिला आणि काकांनी होकार.

नमस्काराचा तिढा मात्र सुटत नव्हता. बाईंनी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, आमचे हात पाठीशी बांधूनही पाहिले. शेवटी एक दिवस त्या म्हणाल्या, नमस्कार केल्याशिवाय तुमच्यानं राहवत नाही ना, मग खेळाच्या आधीच करून घ्या. समोरच्या प्रत्येकीच्या पायाला आधी हात लावा, तो कपाळाला न्या. नंतर लागेल त्या लाथेचा नमस्कार झाला असं समजा.

आम्ही खूप हसलो. पण गंमत अशी की ते लागू पडलं. आधी नमस्कार झालेला असला की हात गप्प राहायचा. जणू त्याला कोणीतरी सांगून ठेवलं होतं. गोजरा तर त्या दिवसापासून सुटलीच. आगाऊ नमस्कार करताना कोणी राहून गेली नाही ना, हे ती दोनदा बघायची, कारण राहिलेल्या मुलीला लाथ बसली की हात हटकून खाली जायचा.

पनवेलला आम्ही बैलगाड्यांनी गेलो. एक गाडी तुळशीरामकाकांची, दुसरी पाटलांची. पाटील स्वतः आले होते, गावाची मान कुठे असते ते बघायला. सकाळचे दोन्ही सामने आम्ही जिंकले. दुसऱ्यात तर गोजरानं एकटीनं निम्मा संघ बाद केला. दुपारी भाकऱ्या सोडून बसलो होतो, तेव्हा बाई पंचांकडून परत आल्या. चेहरा पांढरा पडलेला. अंतिम सामना तारवलीशी होता.

त्यात लबाडी कोणाचीच नव्हती. उंबरखारच्या पोरी हुतूतू खेळतात ही बातमी बाजाराच्या दिवशी तारवलीला पोचली, आणि उंबरखारच्या मागे राहायचं तर तारवलीच्या जिवावर येतं. महिनाभरात त्यांनी संघ उभा केला होता, आणि त्यांचे सकाळचे सामने पलीकडच्या मैदानावर झाल्यानं आम्हाला पत्ता नव्हता. लुगडीसुद्धा आमच्यासारखीच खोचलेली. एका गावाचं बघून दुसऱ्या गावच्या मुली खेळायला लागल्या, याहून मोठं यश कोणत्या बाईंना हवं असतं? पण त्या दुपारी मालतीबाईंना ते नकोसं झालं होतं. त्यांनी शब्द दिला होता.

तारवलीच्या पोरींमध्ये पुतळा होती. नामदेवची धाकटी बहीण, म्हणजे गोजराची होणारी नणंद. आणि रेषेला लागून, सगळ्या बायकांच्या पुढे, पानाचा डबा मांडीवर घेऊन धोंडूबाई बसली होती. तिनं गोजराला पाहिलं होतं. हसली नाही, हाकही मारली नाही. नुसती बघत राहिली.

तुळशीरामकाका उठले आणि बैल सोडून ठेवले होते तिकडे निघाले. बाई त्यांच्यामागे जाऊन खालच्या आवाजात म्हणाल्या की माझी चूक झाली, तुम्ही मुलीला न्या, मी अडवणार नाही. सातऐवजी सहाजणींचा संघ पंच उतरू देणार नव्हते. म्हणजे न खेळताच हार. आम्ही सहाजणी तिथेच उभ्या होतो. मला बाईंचा राग आला, काकांचा आला, सगळ्यात जास्त धोंडूबाईचा आला.

तेव्हा चांगदेव पाटील बोलले. अख्ख्या हिवाळ्यात ज्यांनी आमच्या खेळाला एक बरा शब्द दिला नव्हता, तेच. "तुळशीराम, आता गाडी जुंपलीस तर तारवलीला घाबरून उंबरखार पलाला म्हनतील. त्यापरीस पोरींनी हारलेलं बरा."

काकांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग गोजराजवळ आले. "खेल," ते म्हणाले. "पन भान ठेव."

कशाचं भान, ते त्यांनी सांगितलं नाही. गोजरानंही विचारलं नाही.

दोन्ही संघ रेषेवर समोरासमोर आले. आम्ही पलीकडे जाऊन आगाऊ नमस्काराला सुरुवात केली. तारवलीच्या पोरी आधी दचकल्या, मग खुदखुदायला लागल्या, आणि लोकही हसले. गोजरा एकेकीच्या पायाला हात लावत पुढे सरकत होती. पुतळा शेवटी उभी होती. गोजरा तिच्यापाशी पोचणार एवढ्यात धोंडूबाईनं पुतळाला हाक मारली. तिचा कासोटा सैल झाला होता, तो आईनं बसल्या जागी आवळून दिला. इकडे पंचांना घाई झाली होती. हा काय पाया पडण्याचा कार्यक्रम आहे, असं म्हणून त्यांनी शिट्टी फुंकली आणि आम्हाला आमच्या बाजूला पिटाळलं. गोजराचा हात पुढे आलेला तसाच राहिला. मी ते पाहिलं. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

सामना चिवट झाला. तारवलीच्या पोरींना डावपेच येत नव्हते, पण मचव्याचे दोर ओढणारे हात होते ते, एकदा धरलं की सुटत नव्हते. पुतळा तर घोटाच धरायची. तिनं मैनाला तसं धरलं, मग मला धरलं. मी बाद होऊन रेषेबाहेर येऊन बसले, धोंडूबाईपासून फार लांब नाही. तिच्या तोंडात पान तसंच होतं, चावायचं ती विसरली होती.

गोजरा खेळत होती, पण मला तिचा खेळ ठाऊक होता म्हणून कळत होतं की ती पुतळाच्या बाजूला जातच नाही. डावीकडून शिरायची, डावीकडूनच परतायची. बाईंनाही ते दिसलं असावं, कारण त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट लाल केलं होतं. शेवटच्या मिनिटाला दोन्हीकडे गुण सारखे होते. एक चढाई उरली होती आणि ती आमची होती. पलीकडे दोघीच शिल्लक. एक मागच्या कोपऱ्यात, आणि दुसरी पुतळा.

गोजरा गेली. हुतूतूतूतू, एका सुरात, अजिबात घाई नाही. कोपऱ्यातली पोरगी मागे सरकत अगदी रेषेला टेकली, तिच्यापर्यंत हात पोचत नव्हता. गोजरा डावीकडे गेली, पुन्हा डावीकडे गेली. लोक ओरडायचे थांबले होते. पुतळा वाकून, हात पसरून, तिच्या घोट्यावर नजर ठेवून जवळ येत होती. शिवायचं असेल तर आता तिलाच शिवायला हवं होतं. मी तुळशीरामकाकांकडे पाहिलं, त्यांनी मान फिरवली होती.

गोजरा परत फिरली. फिरल्यासारखं दाखवलं म्हणा. पुतळानं झेप घेतली आणि त्याच क्षणी गोजराची टाच मागून आली आणि पुतळाच्या गुडघ्याला बसली. पुतळा मटकन खाली बसली. दुसरी पोरगी लांब होती. गोजराला धरणारं कोणी नव्हतं. मधली रेषा समोर होती, हात लांब केला असता तरी पुरलं असतं. दम चालू होता. मी उठून उभी राहिले, आम्ही जिंकलो होतो.

आणि गोजरा वळली, वाकली, पुतळाच्या गुडघ्याला हात लावून तो कपाळाला नेला.

सूर तुटला. पंचांनाही समजायला थोडा वेळ लागला, मग त्यांनी शिट्टी वाजवून गोजराला बाद दिलं, गुण तारवलीला. गोजरा तशीच वाकलेली होती. पुतळानं तिला धरलंसुद्धा नव्हतं.

तारवलीच्या लोकांनी एकच गलका केला. धोंडूबाई उठली, पान थुंकली, आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बगा. ही माजी सून. जिंकाची वेल आली तरी रीत नाय सोडली." बायकांनी माना डोलावल्या. बक्षीस देणाऱ्या साहेबांनी भाषणात गोजराचं कौतुक केलं, संस्कार, खिलाडूवृत्ती, सगळं आलं त्यात. चांगदेव पाटील हरलेल्या गावाचे असून छाती काढून फिरत होते. त्यांनी बाईंना तिथेच सांगून टाकलं की खळं आता पोरींचंच, आपण आहोत तोवर कोणी अडवणार नाही. तुळशीरामकाका बैलांच्या आडोशाला जाऊन उपरण्यात रडले, सुटल्यासारखे. गोजरानं जे गमावलं त्यामुळे ज्याला त्याला हवं ते मिळालं होतं, आणि मला त्या सगळ्यांच्या तोंडावर माती फेकावीशी वाटत होती.

माझ्याखेरीज खूश नसलेल्या तिघीच. एक गोजरा. एक मालतीबाई, ज्या कौतुक ऐकताना खाली बघत होत्या. आणि तिसरी पुतळा. ढाल घ्यायला संघ पुढे गेला तेव्हा ती गेलीच नाही, मैदानाच्या कडेला गुडघा चोळत उभी राहिली. तिला चेहरा लपवता येत नव्हता, ती चांगलीच चिडली होती.

 परतताना गाडीत मी गोजराला विचारलं, मुद्दाम केलंस का, सासूसाठी?  ती म्हणाली, "पाय माजा होता. हात कोनाचा होता, मना नाय कललं."

चैत्रात लग्न झालं. मी पाठराखीण म्हणून तारवलीला गेले. दुसऱ्या दिवशी मांडवात नवी नवरी घरच्या सगळ्यांच्या पाया पडते, तसं गोजरा एकेकाच्या पाया पडत चालली होती. हातापायाला हळद, अंगावर नवं लुगडं, मान खाली. मी तिच्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन. तिनं शाळेचं दप्तर माझ्याकडे देऊन टाकलं होतं. खेळाचा विषय आमच्यात पनवेलनंतर निघालाच नव्हता.

सासऱ्यांच्या पाया पडली, धोंडूबाईच्या पडली, काक्या-माम्यांच्या पडली. शेवटी पुतळा उभी होती, तशीच रांगेच्या टोकाला. गोजरा वाकली. पुतळानं पाय मागे घेतला नाही. नमस्कार पुरता होऊ दिला, गोजराचा हात कपाळाला जाऊन खाली येईपर्यंत वाट बघितली.

"झाला ना?" ती म्हणाली. "त्या दिसाचा राहिलेला. आता ये."

आणि तिनं पायाच्या अंगठ्यानं सारवलेल्या अंगणात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. पलीकडे जाऊन लुगडं खोचलं, हात पसरले, वाकून उभी राहिली.

 गाणाऱ्या बायका मध्येच थांबल्या.  पुतळा ही घरची लेक, तिला रागावून सोडून देतील. गोजरा काल आलेली सून होती. सगळ्यांचे डोळे धोंडूबाईकडे वळले. धोंडूबाई त्या रेघेकडे बघत होती, मग लेकीकडे बघितलं, मग सुनेकडे. गोजरानं मान वर केली नव्हती, पण तिचे पाय मला दिसत होते. टाचा जमिनीवरून उचललेल्या होत्या.

"अंगन काल सारवलंय मी," धोंडूबाई म्हणाली. मग तिनं पानाचा डबा बाजूला ठेवला. "पदर खोच आदी. पायात येल."

गोजरानं पदर कमरेला खोचला. शिट्टी नव्हती, म्हणून मी तांब्या खाली ठेवून टाळी वाजवली.

ती रेघ ओलांडून गेली आणि सूर धरला, तोच, अजिबात घाई नसलेला. ह्या खेपेला डावीकडे गेली नाही. सरळ पुतळावर गेली, एकदा हूल दिली, दुसऱ्यांदा परत फिरली. हळदीनं पिवळी झालेली टाच मागून आली आणि पुतळाच्या मांडीवर अशी बसली की मांडवाच्या खांबापाशी बसलेल्या म्हाताऱ्यांनाही आवाज गेला. पुतळा खाली बसली. मी गोजराच्या हाताकडे बघत होते, बाकी काही बघतच नव्हते. हात खाली गेला नाही.

ती रेघेच्या अलीकडे आली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि मग दम सोडला.